मोबाइलच्या युगांतील नागरिकधर्म

नागरिकशास्त्राच्या तासास आपण नागरिकाचे हक्क व नागरिकाचीं कर्तव्यें यांच्या याद्या शिकतों. सार्वजनिक नळ उघडा सोडूं नये, शेजाऱ्याच्या दारांत केर लोटूं नये, मत देण्यास चुकूं नये, हे नियम लहान मुलासही पटतात. कारण नळ, शेजारी आणि मतपेटी डोळ्यांस दिसतात. परंतु गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्या प्रत्येक गांवास एक नवी पेठ जोडली गेली आहे. तिचा नकाशा भूगोलाच्या पुस्तकांत नाहीं, तिला वेस नाहीं, रात्रीं तिचीं दुकानें बंद होत नाहींत, आणि तिचें दार घरोघरीं उशाशीं ठेवलेल्या मोबाइलमध्यें आहे. आमचे कित्येक विद्यार्थी शाळेंत येण्यापूर्वीं त्या पेठेंत एक फेरी मारून येतात व निजण्यापूर्वीं दुसरी. तेथें कसें वागावें, हें मात्र त्यांस क्वचितच कोणी शिकविलेलें असतें.

या वर्तनशास्त्रास हल्लीं 'डिजिटल नागरिकत्व' असें म्हणतात. नांव नवें असलें तरी वस्तु जुनीच आहे. आपल्या कृतीचा दुसऱ्याच्या जीविताशीं, अब्रूशीं व मनःशांतीशीं काय संबंध पोहोंचतो, हें ओळखून वागणें, हेंच नागरिकत्व. त्याचीं कलमें पुष्कळ आहेत. परंतु प्रस्तुत लेखांत आम्ही मुख्यतः एकाच कलमाचा विचार करणार आहों. तें कलम म्हणजे आलेला निरोप पुढें धाडणें. ही कृति इतकी सोपी आहे कीं ती कृति आहे असेंही कोणास वाटत नाहीं. आणि म्हणूनच तिचा अभ्यास आधीं केला पाहिजे.

राईनपाडा

धुळें जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत राईनपाडा नांवाचें एक लहानसें गांव आहे. १ जुलै २०१८ रोजीं, रविवारीं, तेथें आठवड्याचा बाजार भरला होता. त्या बाजारांत नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजांतील पांच माणसें आलीं. हा समाज पिढ्यान् पिढ्या गांवोगांव फिरून भिक्षेवर निर्वाह करीत आला आहे. त्या पांचांपैकीं बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यांतील मंगळवेढें तालुक्याचे राहणारे होते. म्हणजे आपल्याच महाराष्ट्रांतले, आपलीच मराठी भाषा बोलणारे.

परंतु त्यांच्या आधीं त्या मुलुखांत दुसरा एक पाहुणा येऊन बसला होता. मुलें पळविणारी टोळी फिरत आहे, असे निरोप व चित्रफिती कित्येक दिवस मोबाइलवरून घरोघर पसरल्या होत्या. कंडी पिकली होती, व तिला सत्याचा पोशाख चढला होता. अनोळखी चेहरे पाहतांच लोकांच्या मनांत पाल चुकचुकली. संशयाचा आरोप झाला, आरोपाची खात्री झाली, आणि हें सर्व घडण्यास फार वेळ लागला नाहीं. जमावानें त्या पांचांस मारीत मारीत ग्रामपंचायतीच्या कचेरींत नेलें, आणि तेथें त्या पांचांचाही अंत झाला. त्यांनीं कोणाचेंही मूल पळविलेलें नव्हतें. ते पोटासाठीं आले होते.

त्याच वर्षीं देशांत फिरत असलेल्या चित्रफितींपैकीं एकीचा इतिहास विद्यार्थ्यांनीं अवश्य लक्षांत ठेवावा. तींत दुचाकीवर बसलेले दोघे जण रस्त्यांत खेळणाऱ्या एका मुलास उचलून पसार होतात, असें दिसे. पाहणाऱ्याच्या काळजाचें पाणी व्हावें, असाच तो देखावा होता. परंतु ती चित्रफीत भारतांतील नव्हतीच. पाकिस्तानांतील कराची शहरांत मुलांच्या सुरक्षिततेसाठीं झटणाऱ्या एका संस्थेनें पालकांस सावध करण्याकरितां ती मुद्दाम बनविली होती. मूळ चित्रफितीच्या शेवटीं ते दोघे त्या मुलास सुखरूप परत आणून सोडतात व सावधगिरीची सूचना लिहिलेला फलक दाखवितात. कोणी तरी हा शेवट तेवढा कापून टाकला. एकही खोटा शब्द न बोलतां, केवळ शेवटचे कांहीं क्षण काढून टाकून, उपदेशाचें रूपांतर विषांत झालें.

ज्यांनीं हात उगारले, त्यांच्या अपराधाचा निवाडा करणें हें न्यायासनाचें काम आहे. परंतु आमच्या मनांत येणारा प्रश्न निराळा आहे. ज्यांनीं तो निरोप पुढें धाडला, त्यांचें काय? ते कोणी राईनपाड्यास नव्हते. कोणी आपल्या ओट्यावर बसला असेल, कोणी एस. टी. च्या गाडींत असेल, कोणी शाळेच्या फाटकापाशीं असेल. त्यांतील बहुतेकांच्या मनांत दुष्टावा नसावा. उलट आपल्या माणसांचीं मुलें सुरक्षित असावींत, ही काळजीच असावी. त्यांनीं काठी उचलली नाहीं, दगड मारला नाहीं. त्यांनीं केवळ बोट टेंकलें. परंतु ज्या भीतीनें त्या दिवशीं जमाव आंधळा झाला, ती भीति एका माणसानें निर्माण केलेली नव्हती. ती हजारों बोटांनीं थोडी थोडी करून सांठविली होती. आणि हजारांत वांटलें गेलेलें पाप कोणाच्याच पदरीं पडत नाहीं, असें मानण्याची सवय लागली कीं समाजाचा नाश ओढवतो.

छापखाना आणि मोबाइल

येथें कोणी म्हणेल कीं, अफवा पूर्वीही होत्याच. मग मोबाइलनेंच काय नवें केलें? हा प्रश्न रास्त आहे, व त्याचें उत्तर छापखान्याच्या इतिहासांत सांपडतें.

बाळशास्त्री जांभेकर यांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईंत 'दर्पण' पत्र सुरू केलें, तेव्हां मराठी माणसास प्रथमच आपल्या भाषेंत छापील बातमी वाचावयास मिळूं लागली. छापील शब्दाची शक्ति ओळखून सरकारनें १८६७ सालीं असा कायदा केला कीं, छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर व वर्तमानपत्रावर मुद्रकाचें व प्रकाशकाचें नांव, तसेंच छपाईचें स्थळ, स्पष्ट छापलेलें असावें. परकी सरकारचा हेतु काय असेल तो असो. परंतु त्यामुळें एक चांगली गोष्ट घडली. जो मजकूर छापला गेला, त्याबद्दल जबाब देणारा एक नांवाचा व गांवाचा माणूस असे. हा कायदा दीडशें वर्षांहून अधिक काळ चालला. २०२३ सालीं संसदेनें त्याच्या जागीं नवा कायदा संमत केला.

आपल्या हातांतील हें वार्षिकच पाहा. यांतील प्रत्येक लेख प्रथम शिक्षक वाचतात, मग मुद्रितें तपासलीं जातात, नंतर तो छापला जातो. चुकीचें कांहीं आढळलें तर कोणास विचारावें, हें तुम्हांस ठाऊक आहे. मोबाइलवरील निरोपाचें तसें नाहीं. त्यास मुद्रक नाहीं, संपादक नाहीं, तारीख नाहीं, गांव नाहीं. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपवरील निरोप अशा सांकेतिक रूपानें जातात कीं, पाठविणारा व घेणारा यांच्याखेरीज ते खुद्द त्या कंपनीसही वाचतां येत नाहींत. खाजगी पत्र खाजगी राहावें, म्हणून ही व्यवस्था उत्तमच आहे. परंतु तिचा अर्थ असा कीं, खोट्या निरोपाच्या वाटेंत उभा राहूं शकेल असा संपादक मध्यें कोणीही उरला नाहीं. उरला तो एकच. ज्याच्या हातांत मोबाइल आहे तो. पुढें धाडणारा हा एकाच वेळीं बातमीदार, संपादक, मुद्रक व टपालवाला असतो. चार माणसांचे अधिकार तो घेतो. मग चार माणसांची जबाबदारी त्यानें टाळून कसें चालेल?

जुलै २०१८ मध्यें व्हॉट्सॲपनें भारतांत एक मर्यादा घातली. आलेला निरोप एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें धाडतां येऊं नये, अशी ती मर्यादा होय. शिवाय असा निरोप दुसऱ्याकडून आलेला आहे, हें दाखविणारी खूणही त्याच सुमारास आली. एप्रिल २०२० मध्यें अनेकदां फिरलेल्या निरोपांस आणखी लगाम बसला. ते एका वेळीं एकाच ठिकाणीं धाडतां येऊं लागले. या उपायांनीं वेग कमी होतो, हें खरें; परंतु गणिताचा एक साधा हिशेब करून पाहूं. एकानें पांच जणांस निरोप धाडला, त्या प्रत्येकानें आणखी पांच निराळ्या जणांस धाडला, आणि असेंच चाललें, तर दुसऱ्या पायरीस २५, तिसरीस १२५, चौथीस ६२५ माणसें होतात. सहाव्या पायरीस १५,६२५ माणसें, म्हणजे एक मोठा कसबा झाला. नवव्या पायरीस १९,५३,१२५ भरतात. म्हणजे जवळ जवळ वीस लाख. एकेका पायरीस अर्धा तास धरला, तर सकाळच्या शाळेची घंटा होण्यापूर्वीं निघालेला निरोप मधल्या सुटीनंतर कोठें पोहोंचेल, तें विद्यार्थ्यांनीं वहींत मांडून पाहावें. आतां याच हिशेबांत पहिल्या पांचांपैकीं एकानें हात आवरला असें धरा. त्याच्यापासून फुटणारी सगळी शाखा, म्हणजे नवव्या पायरीवरचीं ३,९०,६२५ माणसें, त्या निरोपापासून वांचतात. एका माणसाच्या संयमाची किंमत इतक्या स्पष्ट आंकड्यांत क्वचितच मोजतां येते.

निरोपाचें पृथक्करण

मग खरें कोणतें व खोटें कोणतें, हें विद्यार्थ्यानें ओळखावें कसें? आमच्या मतें त्यास लागणारी विद्या तुम्ही आधींच शिकलां आहां. व्याकरणाच्या तासास जसें आपण वाक्याचें पृथक्करण करतों, तसेंच निरोपाचें करावें. सरावासाठीं एक नमुना आम्हीं रचून येथें देत आहों.

'सावधान! आपल्या तालुक्यांत मुलें पळविणारी टोळी आली आहे. कालच शेजारच्या गांवांतून दोन मुलें नेलीं. पोलिसांनींही सांगितलें आहे. वेळ दवडूं नका. हा निरोप आपल्या सर्व माणसांस पाठवा.'

प्रथम कर्ता शोधा. 'मुलें नेलीं,' हें कोणी पाहिलें? 'पोलिसांनीं सांगितलें,' तें कोणत्या ठाण्याच्या पोलिसांनीं, कोणत्या अधिकाऱ्यानें, कोणास सांगितलें? खऱ्या सूचनेस सही असते, हुद्दा असतो, क्रमांक असतो. येथें कर्ता आहे असें भासतें, पण तो हातीं लागत नाहीं.

नंतर काळ पाहा. 'कालच' हा शब्द फार लबाड आहे. हा निरोप सहा महिन्यांपूर्वीं लिहिला असला तरी आज तो वाचणाऱ्यास 'काल' म्हणजे कालचाच दिवस वाटतो, आणि पुढच्या वर्षीं वाचणाऱ्यासही तसाच वाटेल. तारीख लिहिलेली बातमी शिळी होते. 'काल' लिहिलेली अफवा कधींच शिळी होत नाहीं.

मग स्थळ पाहा. 'आपल्या तालुक्यांत', 'शेजारच्या गांवांतून'. महाराष्ट्रांतील कोणताही तालुका कोणाचा तरी 'आपला' असतोच, आणि प्रत्येक गांवास शेजारचें गांव असतेंच. म्हणून हा निरोप सावंतवाडीसही लागू पडतो, आणि गोंदियासही. जो अंगरखा सर्वांस बरोबर बसतो, तो कोणाच्याच मापाचा शिवलेला नसतो.

शेवटीं क्रियापदें पाहा. 'दवडूं नका', 'पाठवा'. दोन्ही आज्ञार्थी. बातमीचें काम सांगणें हें आहे, हुकूम करणें हें नव्हे. जो निरोप वाचकास भिवविण्यापासून आरंभ करून घाई करण्यास सांगतो व पुढें धाडण्याच्या आज्ञेनें संपतो, त्याच्याविषयीं संशय धरावा. क्रोध, भीति आणि घाई या तिघी एकत्र आल्या कीं विवेक घराबाहेर पडतो.

चित्र किंवा चित्रफीत असली तर 'प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहिलें' असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु डोळे पाहतात तें चित्र. तें कोठलें, केव्हांचें व किती कापलेलें, हें डोळे सांगूं शकत नाहींत. दुकानांच्या पाट्या कोणत्या लिपींत आहेत, वाहनांच्या क्रमांकांचीं आरंभींचीं अक्षरें कोणत्या राज्याचीं आहेत, ऋतु कोणता दिसतो, हें बारकाईनें पाहावें. जुनें चित्र नव्या घटनेचें म्हणून फिरत असेल, तर चित्रावरून चित्र शोधून देण्याची सोय गूगलसारख्या शोधयंत्रांत आहे. ती वापरण्यास शिक्षकांकडून शिकून घ्यावें. शिवाय आतां कृत्रिम बुद्धीच्या साहाय्यानें कोणाचाही आवाज व कोणाचाही चेहरा हुबेहूब बनवितां येतो. तेव्हां 'त्यांच्याच तोंडून ऐकलें' हा पुरावाही पूर्वीसारखा पक्का राहिलेला नाहीं.

इतकें करूनही संशय राहिला, तर दोन मार्ग आहेत. एक, ज्यास खरें ठाऊक असेल त्यास विचारणें. टोळीची बातमी असेल तर पोलीस ठाण्यास, लसीची असेल तर आरोग्यकेंद्रांतील डॉक्टरांस, परीक्षेची असेल तर मुख्याध्यापकांस. दुसरा, स्वस्थ राहणें. न धाडल्यानें कोणाचें फारसें बिघडत नाहीं. धोका खरोखरच असेल, तर तो ठाण्यावर कळविणें हें निरोप फिरविण्याहून अधिक उपयोगी पडतें.

शिकवितां येतें काय?

या विषयाचें शिक्षण शाळेंत देतां येतें काय, अशी शंका कित्येक पालक घेतात. मोबाइल मुळींच देऊं नये, म्हणजे काळजी मिटली, असें त्यांचें म्हणणें. ऑस्ट्रेलिया देशानें १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांस प्रमुख समाजमाध्यमांवर खातें ठेवण्यास कायद्यानें मनाई केली आहे. लहान वयांत अंतर राखणें इष्टच आहे. परंतु मनाईचें वय केव्हां तरी संपतें, आणि त्या दिवशीं मुलाजवळ विवेक नसला तर दार उघडण्यास केवळ उशीर झाला, इतकेंच म्हणावें लागेल. पोहण्यास भिणाऱ्या मुलास विहिरीपासून दूर ठेवावें हें ठीक. पण गांव नदीकांठीं असेल तर त्यास पोहणें शिकविलेंच पाहिजे.

हें शिक्षण देतां येतें, याचें एक उदाहरण केरळ राज्यांतील कण्णूर जिल्ह्यानें घालून दिलें आहे. २०१७ सालीं तेथें गोवर व रुबेला या रोगांविरुद्ध मुलांस लस टोंचण्याची मोहीम निघाली, तेव्हां मोबाइलवरून फिरणाऱ्या खोट्या निरोपांमुळें पुष्कळ पालक बिथरले व लसीस नकार देऊं लागले. निरोपांस उत्तरें देत बसण्यापेक्षां वाचणाऱ्यासच शहाणें करावें, असा विचार करून २०१८ सालीं जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनीं सुमारें दीडशें सरकारी शाळांत 'सत्यमेव जयते' नांवाचा उपक्रम सुरू केला. खोटी बातमी कशी ओळखावी, ती कोणत्या हेतूनें निघते, व 'कशावरून?' हा प्रश्न निर्भयपणें कसा विचारावा, हें तेथें मुलांस शिकविलें गेलें. राईनपाड्याची दुर्घटना ज्या पावसाळ्यांत घडली, त्याच पावसाळ्यांत देशाच्या दुसऱ्या टोंकास त्यावरील औषधाचा हा प्रयोग चालू होता. त्याची दाद प्रत्येक शाळेनें घ्यावी, असें आम्हांस वाटतें.

इतर कलमें थोडक्यांत

मुख्य कलमाचा विचार झाला. बाकीचीं कलमें त्याच्याच शाखा आहेत. म्हणून त्यांचा उल्लेख थोडक्यांत करतों.

दुसऱ्याचें चित्र त्याच्या संमतीवांचून कोठेंही घालूं नये. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें असा निर्णय दिला कीं, खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. तो हक्क जसा मोठ्यांचा, तसाच तुमच्या बांकावरील सोबत्याचाही. तो घसरून पडला असतांना, रडत असतांना किंवा फळ्यासमोर अडखळला असतांना घेतलेलें चित्र तुम्हांस क्षणभर हंसवील. परंतु तें पुढें दहा वर्षें त्याची पाठ सोडणार नाहीं. वर्गांतील थट्टा शाळा सुटली कीं वर्गांतच राहते. मोबाइलवरील थट्टा त्याच्याबरोबर घरीं जाते व रात्रीं त्याच्या उशाशीं जागी असते. ज्या गटांत एखाद्याची अशी विटंबना चालली असेल, तेथें गप्प राहणाराही प्रेक्षक म्हणून तींत भागीदार होतो. त्यानें 'हें थांबवा' एवढे दोन शब्द लिहावे. तेवढें धैर्य नसेल, तर निदान शिक्षकांस सांगावें. ही चहाडी नव्हे, साहाय्य होय.

स्वतःविषयींची माहिती जपून द्यावी. संसदेनें २०२३ सालीं व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. त्यांत अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ति बालक मानली असून, तिची माहिती घेण्यापूर्वीं पालकांची संमति पडताळून घ्यावी, असा दंडक घातला आहे. पुष्कळशा समाजमाध्यमांनीं स्वतःच तेरा वर्षांची मर्यादा ठेविली आहे. खातें उघडतांना जन्मवर्ष खोटें लिहिणें ही या पेठेंत शिरतांना बोललेली पहिली लबाडी होय. आणि ती बहुधा घरच्या माणसांच्या देखत बोलली जाते, ही खेदाची गोष्ट आहे.

फसवणुकीपासून सावध राहावें. बँकेकडून मोबाइलवर येणारा गुप्त अंक कोणासही सांगूं नये. मागणारा कितीही मोठा अधिकारी असल्याचें सांगो. चित्रध्वनीवरून एखाद्यास 'डिजिटल अटक' करण्याची तरतूद भारताच्या कायद्यांत कोठेंही नाहीं. हें घरांतील आजी-आजोबांस समजावून सांगणें, हें नातवंडांचें कर्तव्य समजावें. पैशाची फसवणूक झाली तर तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावें. मुलांवर कोणतेंही संकट आलें तर १०९८ हा क्रमांक त्यांच्याकरितां आहे.

आतां हक्कांविषयीं. हें सर्व वाचून, बोलणेंच बंद करावें कीं काय, असें कोणास वाटूं नये. नोव्हेंबर २०१२ मध्यें, तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील पालघर येथें, एका बंदविषयीं फेसबुकवर मत लिहिल्याबद्दल एका तरुणीस, व तें पसंत केल्याबद्दल तिच्या मैत्रिणीस अटक झाली होती. पुढें २४ मार्च २०१५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें माहिती तंत्रज्ञान कायद्याचें ६६-अ हें कलम घटनाविरुद्ध ठरवून रद्द केलें. आपलें मत सभ्य शब्दांत मांडणें हा नागरिकाचा हक्क आहे, व तो मोबाइलवरही तितकाच आहे. आपलें मत आपल्या नांवानें लिहिणें ही एक गोष्ट, आणि कोणाची तरी कंडी निनांवी पुढें ढकलणें ही दुसरी. पहिलीस धैर्य लागतें, दुसरीस कांहींच लागत नाहीं. यावरूनच दोहोंची योग्यता कळावी.

पालकांस विनंति

शेवटीं पालकवर्गास दोन शब्द. मुलें उपदेशानें थोडें शिकतात, पाहून पुष्कळ शिकतात. जेवतांना वडिलांचा डावा हात मोबाइलवर व उजवा ताटावर असेल, तर 'जेवतांना मोबाइल नको' हा नियम मुलास पटणार नाहीं. काकांनीं घरच्या गटावर धाडलेला निरोप खोटा निघाला, आणि कोणीच कांहीं बोललें नाहीं, तर खोटें धाडणें ही क्षम्य गोष्ट आहे, हा धडा मुलगा शिकतो. याच्या उलट काकांनीं दुसऱ्या दिवशीं तेथेंच 'कालचा निरोप खोटा होता, कृपा करून कोणी पुढें धाडूं नये' असें लिहिलें, तर मोठ्या माणसासही चूक सुधारतां येते, हें तो आयुष्यभर विसरणार नाहीं. दुरुस्ती तितक्याच माणसांपर्यंत गेली पाहिजे, जितक्यांपर्यंत चूक गेली होती. हा जुन्या संपादकांचा नियम घरासही लागू करावा.

मुलांनींही वडीलधाऱ्यांची चूक दाखवितांना मर्यादा सोडूं नये. 'आजोबा, हें सगळें खोटें आहे,' असें चारचौघांत म्हणण्यापेक्षां, 'आजोबा, हें कोठून आलें, तें आपण दोघे मिळून पाहूं या का?' असें एकांतीं विचारावें. नातवानें शोधावें, आजोबांनीं अनुभवानें पारखावें. असें झालें तर घरांतच एक लहानसें संपादक-मंडळ तयार होईल. आठवड्यांतून एक दिवस, रात्रीच्या जेवणानंतर, त्या आठवड्यांत आलेल्या एकाच निरोपाचें वर दाखविल्याप्रमाणें पृथक्करण करण्याचा पाठ प्रत्येक घरानें ठेवावा, अशी आमची सूचना आहे. त्यास खर्च नाहीं, पुस्तक नाहीं, पाऊण तासाहून अधिक वेळ नाहीं.

विद्यार्थ्यांनो, तुमच्या हातांतील यंत्र वाईट नाहीं. त्यानें दूर गेलेल्या मुलाचा चेहरा आईस दिसतो, खेड्यांतील मुलीस शहरांतल्या ग्रंथालयाची वाट सांपडते, पुरांत अडकलेल्या माणसास हांक मारतां येते. परंतु बोटाच्या एका स्पर्शानें गांवच्या गांव हलविण्याची जी शक्ति पूर्वीं कोणाही एका माणसास नव्हती, ती आज तुमच्यांतील बारा-तेरा वर्षांच्या मुलास मिळाली आहे. पुढच्या वेळीं 'सर्वांस पाठवा' असा हुकूम घेऊन एखादा निरोप येईल, तेव्हां बोट क्षणभर वर धरा, आणि ज्यांची वाट त्यांच्या घरचीं माणसें मंगळवेढ्याकडे पाहत राहिलीं, त्या पांचांचें स्मरण करा. मग कर्ता शोधा, काळ शोधा, स्थळ शोधा. नाहीं सांपडलें, तर तो निरोप तुमच्यापाशींच थांबूं द्या.